बदामाचा वास असलेले निळे पिंप

शनिवार, सकाळ: पनवेलच्या रस्त्याकडेला जुने प्लास्टिकचे पिंप विकत घेतले. शनिवार, दुपार: माझ्या पत्नीने, सुलभाने, ते आतून घासले. शनिवार, दिवेलागण: तिचे ओठ निळे पडले.

जबाबदार: ज्या कारखान्याने विषाचे पिंप न धुता, न फोडता बाहेर सोडले तो, ज्याने ते पाणी साठवण्यासाठी विकले तो, ज्या खात्याच्या डोळ्यांदेखत ही विक्री चालते ते. चौथे नाव पुढे देतो.

रुग्णालयात ऑक्सिजन लावूनही बोटावरच्या यंत्राचा आकडा वर सरकेना. सुईतून आलेले रक्त चॉकलेटी होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला मेथेमोग्लोबिनेमिया म्हणतात. फुप्फुसं चांगली आहेत, पण रक्तच ऑक्सिजन पोचवत नाहीये. आज यांनी कशाला हात लावला होता?"

मला विक्रेता आठवला. "काका, नाक लावून बघा. अत्तराचं पिंप हाय, बाकीच्यांसारखी घाण नाय." मी नाक लावले. बदामाचा वास होता. त्या वासावर विश्वासून मी ते घरी आणले. सुलभा कमरेपर्यंत आत वाकून घासत होती आणि हसत म्हणाली होती, "अहो, शिऱ्यात घालावा असा वास आहे."

तळाचा तेलकट अंश तपासल्यावर नाव कळले: नायट्रोबेंझीन. हे फिकट पिवळे द्रव्य. रंग, रबर आणि औषधांच्या धंद्यात लागणारे अ‍ॅनिलीन त्यापासून बनते. ते पेट घेते. श्वासातून शिरते, कातडीतूनही शिरते. त्रास काही तासांनी उमटतो, तोवर माणूस गाफील राहतो. वाचकहो, जुन्या पिंपाचा वास कितीही गोड असो, त्यात वाकू नका. आणि ओठ निळे पडलेच, तर डॉक्टरांना आधी पिंपाविषयी सांगा.

शिरेतून मिथिलीन ब्ल्यू दिले. हे निळे औषध रक्ताला पूर्ववत करते. रविवारी ओठांवर रंग परतला. लघवी हिरवीनिळी पाहून सुलभा म्हणाली, "आता मलाच पिंपात भरून विका."

डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारले, "पिंपावरचं लेबल कुठंय?"

आयुष्यभर खात्यांना आणि वर्तमानपत्रांना लिहिलेल्या पत्रांच्या पोचपावत्या मी जपल्या आहेत. लेबलाचा तो एकच कागद मी कोमट पाण्याने भिजवला, सुरीने खरवडला आणि घंटागाडीत टाकला. पिंप नीटनेटके दिसावे म्हणून. चष्मा खिशातच होता. कागदाच्या कोपऱ्यात एक काळा ठसा होता. तो कवटीचा होता काय? डोळे मिटले की मी तो कागद पुन्हा खरवडत असतो, आणि दर वेळी वाचायच्या आतच तो फाटतो.

चौथे नाव माझे.

विषाचे नाव मिळाले. पिंपाच्या मूळ धन्याचे मी लेबलासकट पुसले. विक्रेता म्हणतो, "कुठनं आला म्हाईत नाय." सुलभा बरी आहे. चहापूर्वी मी तिची नखे पाहतो. ती हात पदराखाली घेते. "तुमचं पत्र लिहा. माझ्या नखांना सोडा."

ते पत्र हेच. मी माझा दोष येथे छापून दिला आहे. ज्याच्या आवारातून ते पिंप निघाले त्याने, आणि ज्या खात्याने ते निघू दिले त्याने, याच जागी, आपापल्या नावानिशी उत्तर द्यावे.