वाफ्यातला पहिला कांदा

कुंपणावरून आधी हात यायचा, मग आवाज. "मास्तरीणबाई, एक कांदा द्या की!"

आष्ट्याला आम्ही नवं बिऱ्हाड केलं, तेव्हा मला वाटलं, शेजारच्या मावशींच्या घरी कांद्याची टंचाई असावी. एकदा डोकावून पाहिलं, तर परसात वाफा कांद्यांनी गच्च भरलेला.

"अहो मावशी, मग हे काय?"

"त्यो ऱ्हाऊ द्या वाफ्यात. ल्योक लढाईवर हाय माजा. पैला कांदा त्यानं बुक्कीनं फोडायचा, मग घरानं खायाचा. आमच्यात रीतच हाय तशी."

आता तुम्हीच सांगा, लष्कराची रजा कांद्याचा हंगाम बघून मिळते का? लेक काही आला नाही. थंडीत कांद्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे फुटले, वर पांढरे गोंडे फुलले. सगळी गल्ली हसली. मावशीही हसल्या आणि गोंडे झाडून त्यांनी बी धरलं.

वाफ्याच्या कडेच्या लसणाला मात्र असली काही रीत नव्हती. माझ्या प्रत्येक कांद्यामागे कुंपणावरून लसणाचा गड्डा यायचा. आमटीला इतकी फोडणी बसू लागली की आमच्या ह्यांनी जेवायला बसण्याची धास्तीच घेतली. मावशींना मी चिडवायची खरी, पण टपालवाला गल्लीत शिरला की मीही हातातलं काम टाकून कुंपणाशी जाऊन उभी राहायची.

पुढच्या वर्षी मावशींनी त्याच बियांचं रोप लावलं. तोवर लढाई संपली होती. मार्गशीर्षात वाफा तयार झाला आणि एका सकाळी लेक दारात उभा राहिला. त्याची उजवी बाही रिकामी होती. पत्रात त्यानं तसं काहीच कळवलं नव्हतं.

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग परसात गेल्या, एक कांदा उपटला, माती झटकून त्याच्यापुढे जोत्यावर ठेवला. गल्ली गोळा झालीच होती.

त्यानं डाव्या हाताची बुक्की मारली. कांदा सटकला आणि उड्या मारत कोंबड्यांत जाऊन पडला. तो मान खाली घालून म्हणाला, "आये, तूच फोड."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मावशी मात्र उठल्या, कोंबड्या हाकलून कांदा आणला, पदराला पुसला आणि पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.

"दमानं मार रं," त्या म्हणाल्या. "अख्खा वाफा हाय."