वाढदिवसाची यादी

कॅम्पातल्या आमच्या चर्चच्या दारात एक आक्का बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर वही, कानामागं पेन्सिल आणि कपाळावर चष्मा. तो नाकावर ओढल्याशिवाय त्यांना समोरच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या दोन याद्या करतात, एक वाढदिवसाची आणि दुसरी लग्नाच्या वाढदिवसाची. मग पाळकसाहेब एकेकाला पुढं बोलावून डोक्यावर हात ठेवतात.

लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, हे साहेबांनी उपदेशात कितीदा तरी सांगितलंय. तरी त्या रविवारी मी खव्याच्या कुंद्याचा डबा आक्कांपुढं धरला आणि बोलून गेले, "आमच्या दोघींच्या संसाराला आज पाच वर्षं झाली." चर्चमधून नाव कमी व्हायला एवढं वाक्य पुरलं असतं.

आक्कांनी चष्मा खाली ओढला. माझ्याकडं बघितलं, मग शेजारी उभ्या माझ्या सुनंदाकडं. आणि आमची नावं वाढदिवसाच्या यादीत लिहिली.

"आक्का, वाढदिवस न्हाय आमचा."

"ठाऊक हाय गं. लग्नाच्या यादीत घातलं तर साहेब कमिटी बसवतील. वाढदिवसाला कोण दाखला मागतंय?"

आम्ही पुढं गेलो. पाळकसाहेबांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवून कौतुकानं विचारलं, "किती पूर्ण झाली?"

सुनंदा गडबडली आणि खरं तेच बोलली. "पाच."

सगळं चर्च हसलं, साहेबही हसले. दारातून तेवढा एक खणखणीत आवाज आला, "आमेन!"