संघटनेच्या अंकातले अभिनंदन

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र वेगळी राहिली. ती सांगण्याआधी बिराजदार भाऊसाहेबांचे नाव घेतो, कारण आयुष्यात सर्वांत जास्त ऋण मी त्यांचे मानतो. बाकी कोणाचेही नाव इथे देणार नाही.

भाऊसाहेब मोहोळ तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलचे लिपिक. माझे आईवडील अंगठा लावणारे. फी-माफीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, कॉलेजचा प्रवेश, पुढे फौजदार भरतीची जाहिरात, हे सगळे माझ्यापर्यंत आले ते भाऊसाहेबांच्या टेबलावरून. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्यामुळे. शिक्षकेतर कर्मचारी संघटनेचे ते जुने कार्यकर्ते. संघटनेचा मासिक अंक आला की शाळेतले शिपाई त्यांच्याभोवती जमत. कोणाला बढती मिळाली, कोणता लाभ लागू झाला, कोणते परिपत्रक निघाले, हे भाऊसाहेब मोठ्याने वाचून दाखवत. मी खिडकीशी उभा राहून ऐकत असे. सरकारी मराठी मी तिथेच शिकलो.

पुढे मी सोलापूर शहरात एका ठाण्यात सहायक निरीक्षक असताना त्याच संघटनेचा अंक माझ्या टेबलावर आला. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. पन्नाशीच्या एक बाई आणि त्यांची मुलगी ठाणे अंमलदारासमोर बसल्या होत्या. बाईंचे पती एका शाळेत शिपाई होते आणि नोकरीत असतानाच वारले होते. अशा वेळी घरातल्या एका वारसाला नोकरी मिळते, तिला अनुकंपा नियुक्ती म्हणतात. मुलगी बी.ए. झालेली, अर्ज करण्याच्या तयारीत होती. तेवढ्यात संघटनेच्या अंकात बातमी आली: अमुक यांचे दत्तक चिरंजीव वडिलांच्या जागी रुजू झाले, हार्दिक अभिनंदन.

हवालदाराने अंक उलटसुलट करून पाहिला. "बाई, अभिनंदन छापलंय की! मग तक्रार कसली?"

"अवो हवालदार, मला पोरगी एकच हाय. ह्यो पोरगा मला कवा झाला, मलाच म्हाईत न्हाई!"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, बाबांच्या मागं नोकरी एकालाच मिळते. ती त्याला गेली. आता आमच्याकडं काय राहिलं?"

मी तक्रार अर्ज घेतला आणि शिक्षण खात्याकडून फाइल मागवली. तिच्यात बाईंचे संमतीपत्र निघाले. टाइप केलेला मजकूर असा: "सदर मुलास आम्ही पतीच्या हयातीत दत्तक घेतले असून त्यानेच पतीच्या चितेला अग्नी दिला आहे. त्यास नोकरी देण्यास माझी हरकत नाही." खाली कन्नडमध्ये सही. बाई अक्कलकोटकडच्या, चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेलेल्या.

"सही माजीच हाय," बाई म्हणाल्या. इथेच गाडी अडली. पतीच्या दिवसांत एक ओळखीचा गृहस्थ घरी आला होता. शिक्षण खात्याच्या कचेरीबाहेर बसून अर्ज लिहून देणे हा त्याचा धंदा. गटविम्याचे कागद आहेत म्हणून त्याने पाच-सहा सह्या घेतल्या होत्या. नोकरीला लागलेला मुलगा त्याचा सख्खा भाचा.

त्या गृहस्थाला बोलावले. स्वच्छ शर्ट, खिशाला दोन पेन, आणि माझ्यापेक्षा शांत. "साहेब, बाईंना मराठी वाचता येत नाही, कबूल आहे. पण त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं, वाचून दाखवलं, मग सही झाली. आता पोरीनं कान भरले, त्याला मी काय करू?"

तज्ज्ञाकडे कागद पाठवून उपयोग नव्हता, कारण सही खरीच होती. वरिष्ठ म्हणाले, "सही मान्य आहे ना? मग घरगुती वाद आहे. अर्ज निकाली काढा." त्यांचेही चूक नव्हते. पण अर्ज निकाली निघाला असता तर त्या मुलीची वाटही बंद झाली असती.

रविवारी मी भाऊसाहेबांकडे गेलो. निवृत्तीनंतर ते शहरातच मुलाकडे राहत होते. चौकशीतला कागद बाहेर दाखवू नये हे मला कळत होते, पण अनुकंपाचे नियम त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून छायाप्रत नेली.

"बा, बा, कूडू," त्यांनी कन्नडमध्ये बसायला सांगितले. "फौजदार झालास तरी चप्पल बाहेर काढतोस. बरं हाय."

नियमाचे विचारण्याआधीच त्यांनी कागद वाचायला घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. "बाई लिंगायत का रे?"

"होय."

"मग हे कुनी लिवलं? अरे, आमी जाळतो व्हय? आमच्यात माती देतात. बाईनं हे ऐकलं असतं तर सही सोड, कागद त्याच्या तोंडावर मारला असता की!"

ते वाक्य मी निदान दहा वेळा वाचले होते. सही पाहिली, तारीख पाहिली, शिक्का पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाला पुन्हा बोलावले. घाई केली नाही. चहा पाजला.

"पत्रातला मजकूर बाईंचाच?"

"शब्द न् शब्द."

"अंत्यविधीला तुम्ही होता?"

"होतो की. गावच्या स्मशानात. भाच्यानं अग्नी दिला, या डोळ्यांनी बघितलं."

जबाब लिहून घेतला, त्याच्याकडून वाचून घेतला, सही घेतली. मग बाईंना आत बोलावून पत्र वाचून दाखवले. त्या आधी समजल्या नाहीत. समजल्या तेव्हा पदर सावरून थेट त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कुनाला जाळलं रे? माज्या मालकाला? शेतात बसवलंय त्यास्नी, समाधी बांधलीया. चल, तुला दावते!"

त्याने खाली पाहिले. मग म्हणाला, "मसुदा जुनाच होता साहेब. नावं तेवढी बदलतो."

गुन्हा दाखल केला. पंचांसमक्ष समाधीचा पंचनामा केला. विधी करणाऱ्या स्वामींचा जबाब घेतला. त्याचा संगणक जप्त केला, तर तेच वाक्य आणखी काही पत्रांत सापडले. भाच्याची नियुक्ती रद्द झाली. संघटनेचे चिटणीस अवघडून भेटायला आले, अंकाची बदनामी होईल म्हणून. मी म्हणालो, "तुम्ही बातमी छापली नसती तर बाईंना कळलंच नसतं." पुढच्या अंकात त्यांनी चूक दुरुस्त केली, आणि काही महिन्यांनी त्याच सदरात मुलीचे नाव आले.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. कागद खरा की खोटा हे पाहताना आपण सही तपासतो. पण हे बोलणे त्या माणसाच्या तोंडचे आहे का, हे तपासायला त्या माणसाचे घर माहीत असावे लागते. पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला मी हेच सांगत आलो.

मुलगी रुजू झाल्यावर मी भाऊसाहेबांना पत्र लिहिले. एकाच शहरात होतो, पण समोर बसून हे बोलवले नसते.

"ती. भाऊसाहेबांस,
सा. न.

मुलगी काल शाळेत हजर झाली. संघटनेचा सभासद अर्ज तिने लगेच भरला. तिची आई तुम्हाला नमस्कार सांगते.

भाऊसाहेब, मी दहावीत असताना तुमच्या आईसाहेब गेल्या. त्या दिवशी तुम्ही मला गर्दीतून पुढे बोलावलेत आणि तुमच्या मुलांच्या बरोबरीने माती द्यायला लावलीत. मूठभर माती मीही दिली होती. तरी ते वाक्य वाचताना मला काहीच खटकले नाही. त्या रविवारी तुम्ही 'तू तर होतास तिथं' असे एका शब्दानेही म्हणाला नाहीत. मला लाज वाटू नये म्हणूनच, हे मला कळले. ते सगळे मला आता नीट आठवते आहे, एवढे कळवण्यासाठी हे पत्र.

आपला विद्यार्थी"