सोमवारी आलेला रिकामा डबा

थांबा, जर्नल नंतर लिहीन, आधी हे सांगू दे! तीन आठवडे झाले पोटात ठेवून फिरतेय. आई आत्ता शेजारच्या कॉटवर झोपलीय… घोरतेय सुद्धा… आणि तो आवाज ऐकूनच मला लिहायचा धीर आलाय. म्हणून लगेच टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

पहिल्यांदा एक क्लिअर करते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी बी.एस्सी. सेकंड इयरला आहे, केमिस्ट्री. रूमवर मुली भुताचे व्हिडिओ बघायला लागल्या की "ती बघ मागं दोरी दिसतीय" म्हणून सगळ्यांचा मूड घालवणारी मीच. त्यामुळं मी काही वाढवून सांगत नाहीये. उलट माझंच मला पटलं नाही म्हणून मी सगळ्यांना दोन-दोनदा विचारलंय.

आमचं गाव विट्याजवळ. गावात नाही, आम्ही मळ्यात राहतो, डांबरी रस्त्याला लागूनच. पप्पा तमिळनाडूत असतात, गलाईचं दुकान आहे, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं. आमच्या भागात घरटी एकजण तरी असा लांब असतोच. म्हणजे घरी आई आणि दोन म्हशी, बास. शेजार म्हणजे संपतकाका, पप्पांचे चुलतभाऊ, ते पण दोन रानं सोडून. आणि मी सांगलीत, विश्रामबागला कॉट बेसिसवर, ऋतुजासोबत. ऋतुजा पाटणची.

आता डब्याचं नीट ऐका, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

मेसचं जेवण मला सोसलं नाही म्हणून आई रविवार सोडून रोज एसटीनं डबा पाठवते. आमच्याकडची बरीच पोरं असंच जेवतात. सकाळी सव्वासातला गाडी आमच्या मळ्यापाशी येते, आई हात करते, कंडक्टर मामांच्या हातात डबा देते. नऊच्या सुमाराला मी सांगलीच्या स्टँडवर उभी! मामा डबा देतात, मी कालचा धुतलेला डबा त्यांच्याकडं देते, तो परतीच्या गाडीनं घरी. दोन सेम डबे आहेत, तीन पुडाचे, स्टीलचे, दोन्हींवर आईचं नाव घातलेलं. एक इकडं असला की एक तिकडं.

आणि आईचा एक नियम आहे. रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवायचं नाही. कधीच नाही. संपतकाकांच्या घरच्या काकींची वाटी परत करायची असेल तरी तिच्यात चिमूटभर साखर घालून देणार. मी सुद्धा सांगलीहून डबा परत पाठवताना वरच्या पुडात साखर घालायची. एकदा विसरले तर त्या दिवशी फोनवर अर्धा तास भाषण ऐकलं… "लोकं काय म्हणतील" वगैरे. अगं, कंडक्टर सोडून कोण बघणारे! पण नाही.

तर मागच्या महिन्यातला रविवार. ऋतुजा म्हणाली, "ए बाई, किती दिवस त्या पुलावर जाऊन भेळ खायची? चल सातारला, माझ्या आत्याच्या पोरीची स्कूटी मिळतीय." मी घरी सांगितलं लायब्ररीत जातेय. (रविवारी. लायब्ररी. आई पण काय विचारणार बिचारी.) पहाटेच्या गाडीनं साताऱ्यात, अजिंक्यतारा चढलो, मग ठोसेघरला धबधबा बघायला. धबधब्याला पाणीच नाही! दोन मुली स्कूटी लावून नुसत्या कोरड्या दगडाकडं बघत उभ्या. ऋतुजा म्हणते, "फोटोत इफेक्ट टाकू." मग तसंच वर चाळकेवाडीला गेलो, पवनचक्क्या. लय भारी वारं, केसांचं पार झाडू झालं. पंख्याच्या बरोबर खाली उभं राहून हात पसरून फोटो. कंदी पेढे घेतले, रात्रीच्या जेवणापर्यंत परत सांगलीत.

आणि ऋतुजानं तो फोटो स्टेटसला टाकला. आणि माझ्या आईकडं ऋतुजाचा नंबर सेव्ह आहे. आणि ऋतुजानं फोन माझ्यापुढं धरला… सीन बाय… पहिलंच नाव, "प्राजूची आई".

मी रात्रभर फोनची वाट बघितली. फोन नाही. मला वाटलं मेले मी.

सोमवारी सकाळी स्टँडवर गेले. नेहमीचे मामा. त्यांनी डबा हातात दिला आणि मला तिथंच कळलं. हलका. हवेसारखा हलका. रोजची वायरची पिशवी पण नाही, नुसता डबा, कडीला धरून. उघडला. तिन्ही पुडं रिकामी. धुऊन कोरडी केलेली, चकचकीत. साखरेचा दाणा नाही.

"मामा, रिकामाच दिला आईनं?"

"मला काय म्हाईत गं पोरी? तिनं हातात दिला, म्या आणला."

"काय म्हणाली का?"

"न्हाई बाय. रोज 'सांभाळून न्या वो' म्हणती, आज गप्पच. केसात सगळी कडब्याची पानं. म्या म्हणलं बी, काय ताई, सकाळ सकाळ म्हशीनं लोळवलं व्हय? हसली बी न्हाई. भांडण झालंय का काय तुमचं?"

मला रडायलाच आलं. म्हणजे आई एवढी चिडली की तिनं स्वतःचा नियम मोडला. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं हो. रिकामा डबा म्हणजे… आमच्या घरात याच्यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

आणि इथं मी चुकले. मी फोन केला नाही. भीतीच वाटली. डबा सॅकमध्ये कोंबला आणि कॉलेजला गेले. दोन लेक्चर्सना बसले, अक्षर ऐकलं नाही. नंतर कँटीनमध्ये ऋतुजाला सांगितलं तर तिला हसू आवरेना.

"डब्यातनं अबोला धरलाय तुझ्या आईनं! कर की फोन, सॉरी म्हण."

"तू कर. फोटो तू टाकलास."

"माझी आई असती तर आत्तापर्यंत चप्पल घेऊन सांगलीत आली असती. कर गपचिप."

सव्वाअकरा वाजले असतील. फोन केला. रिंग गेली, उचलला नाही. परत. परत. सहा वेळा. रागावली असली तरी आई फोन उचलून नुसतं "हं" म्हणते, एवढं मला माहितीय. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की चिडलेली आई सुद्धा रिकामा डबा पाठवणार नाही. ती डबाच पाठवणार नाही. रिकामा… नाहीच.

संपतकाकांना लावला.

"काका, आमच्या घरी जाऊन या की जरा. आई फोन उचलत नाही."

"आगं रानात आसंल. लाईट आत्ता आलीया, मोटर चालू हाय माझी, दोन तासात पानी पाजून घ्याचंय."

"काका, आज डबा रिकामा आलाय."

"मग? डबा रिकामा आला म्हणून म्या दारं धरायची सोडून पळत सुटू? वडापाव खा की एक दिवस!"

"आवं काका, आई रिकामा डबा पाठवती का कधी? तुम्हीच सांगा."

त्यांच्या घरी सुद्धा आईची साखर घातलेली वाटी हजार वेळा गेलीय. "थांब," म्हणाले. "जातो. फोन ठिवू नगंस."

मी फोन कानाला लावून बसले. ऋतुजाचं हसणं बंद झालं होतं. काकांच्या चपलांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "दाराला भाइरनं कडी हाय गं. खिडकीतनं आत फोन पडलेला दिसतुय, पर वैनी न्हाई. म्हशी तेवढ्या वरडत्यात, वैरण न्हाई वाटतं टाकली. रानाकडं गेली आसंल, यील दुपारी. जाऊ का मी?"

आणि मला मामांचं वाक्य आठवलं. केसातली पानं.

"काका, शेडमध्ये बघा. कडब्यापाशी."

"का गं?"

"बघा म्हणते ना!"

आमच्याकडं नुकतीच ज्वारी निघाली होती. पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्या पार छतापर्यंत रचलेल्या. चपलांचा आवाज… मग थांबला… मग काका एकदम "आरं द्येवा!" असं ओरडले आणि फोन कुठंतरी पडला. नुसती खरखर, आणि लांबून "वैनी! ओ वैनी!"

मग कट.

ती चार-पाच मिनिटं मी कुणाला सांगू शकत नाही. ऋतुजानं माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. मी लावत होते, लागत नव्हता. शेवटी काकांचाच आला. धापा टाकत होते.

"हाय. हाय पोरी, हाय. पाय मोडलाय, पर बोलतीया. 'इतका येळ का लावला' म्हणून मलाच शिव्या घालतीया!"

मी कँटीनमध्ये मोठ्यानं रडले. सगळे बघत होते. बघू दे.

झालं असं होतं की आईनं वरची पेंढी काढायला शिडी लावायचा कंटाळा केला आणि खालनंच एक ओढली. पेंढ्यांची अख्खी गंज अंगावर आली. एक पाय मोडला, दोन बरगड्यांना चीर. विट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की छातीवर एवढं ओझं घेऊन ती इतके तास तगली हेच खूप, दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली तगली नसती.

मी पुढच्या गाडीनं विट्याला पोचले. आई प्लास्टरमध्ये, सलाईन लावलेलं, आणि मला बघून पहिलं वाक्य, "त्या पंख्याखाली कशाला मरायला गेलतीस गं? तुटून पडला असता म्हंजे?"

मी हसत होते आणि रडत होते. म्हटलं, "सॉरी आई. तू रिकामा डबा पाठवलास तेव्हाच कळलं मला, चिडलीस म्हणून."

"कुठला डबा?"

"सकाळचा."

"मी कवा दिला डबा? मी भाकरीला पीठ बी काढलं न्हवतं. आधी म्हशीचं करावं म्हणून शेडात गेले ती तिथंच."

मी सॅक उघडली आणि डबा तिच्यापुढं धरला. आईनं त्याच्यावरचं स्वतःचं नाव वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "ह्यो तर फळीवर पालथा घातला हुता मी शनिवारी. मांजर जातंय म्हणून दाराला कडी घालून गेले हुते."

मला सगळ्यांत आधी जे सुचलं तेच तुम्हाला पण सुचलं असेल… डबा देऊन मग गंज पडली असेल, आणि माराच्या धक्क्यानं ती विसरली असेल. डॉक्टर पण हेच म्हणाले. मी पण खुशीनं मानलं असतं. पण दुधाची गाडी साडेसहाला येते. त्या दिवशी आमचा दुधाचा कॅन रस्त्यापाशी नव्हता म्हणून गाडीवाल्या दादानं तीनदा हॉर्न दिला आणि निघून गेला. हे त्यानं स्वतः सांगितलं. आणि आईनं तो हॉर्न पेंढ्यांखालून ऐकला होता, किती वेळा वाजला ते सुद्धा बरोबर सांगितलं. हाका मारल्या, पण आवाजच फुटत नव्हता. म्हणजे साडेसहाला ती खाली अडकलेली होती. आणि एसटी येते सव्वासातला.

चार दिवसांनी मी विट्याच्या स्टँडवर मामांना गाठलं. त्यांना सगळं सांगितलं तर ते तिथल्या बाकड्यावर बसले. "पोरी, मी काय आंधळा हाय का? तिच्या हातनं माझ्या हातात घेतला. डायवरला इचार." ड्रायव्हरकाकांना विचारलं. त्यांनी हात केलेली बाई बघूनच गाडी थांबवली होती. बाई कोण, तर "रोजचीच की."

काकी म्हणतात तो डबा नदीत सोडा. आईनं साफ नाही म्हटलं, "चांगला जड स्टीलचा हाय, मिळत न्हाई आता असला." पप्पा तमिळनाडूहून आले, सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गंज उतरवून कंबरेएवढी रचली.

आज आई वॉकर धरून पहिल्यांदा दारापर्यंत गेली. म्हणून आज एवढं हलकं वाटतंय. परवा मी सांगलीला परत जाणार, प्रॅक्टिकल आहेत. काल रात्री आईला विचारलं, तुला काय वाटतं, कोण असेल ती? आई म्हणाली, "कोण का असंना बाय. पर एवढी आमच्या घरात आली हुती, तर म्हशीला दोन पेंढ्या टाकून जायाला काय झालं हुतं?"

मला अजून हसू येतंय. आणि काटा पण येतोय.

तुम्ही सांगा ना… तुमच्यापैकी कुणाला असं कधी काही मिळालंय का, जे पाठवणाऱ्यानं पाठवलंच नव्हतं? खरंच सांगा. मी सगळ्या कमेंट वाचणारे.