पत्रकाची कोरी बाजू

कबड्डीत डोकं आपटलेल्या मुलीच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारून तिला पुन्हा मैदानात ढकलतात, तेव्हा तुम्हीही टाळ्या वाजवल्यात ना?

मी वाजवल्यात. म्हणूनच डोक्याला वारंवार बसणारा मार आणि कित्येक वर्षांनी दिसणारा मेंदूचा आजार यांवरचं संशोधन वाचलं, तेव्हा मी पेटले. वडील चळवळीची पत्रकं वाटायचे; मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. मीही मुरबाडहून पत्रकांचा गठ्ठा छापून आणला. मथळा होता : ‘कबड्डी मेंदू खाते.’

माझी ताई धसईजवळच्या आमच्या गावात मुलींचा संघ घडवते. तिनं पत्रक उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, तपासलेले मेंदू कोणाचे? बहुतेक परदेशी खेळाडूंचे, मी सांगितलं. मरणानंतर घरच्यांनी दिलेले.

“घरच्यांनी का दिले गो?”

लक्षणं दिसली होती म्हणून, असं म्हणतानाच मला माझी चूक दिसली. आजारी वाटलेल्यांतच शोधलं तर आजार जास्त सापडणारच. सगळ्या खेळाडूंत किती जणांना होतो, ते त्यावरून कळत नाही. कबड्डीवरचं असं संशोधन तर मी वाचलंच नव्हतं.

“हे वाटलंस तर उद्या एकपण पोरगी येणार नाय,” ताई म्हणाली. “आया घरी बसवतील. पोरं खेळतच राहतील, तांब्या पण तिथंच राहील.”

पत्रकाची मागची बाजू कोरी होती. संघातल्या मुलींनी तिथं हातानं लिहिलं : वारंवार मार आणि हा आजार यांचा संबंध दिसतो, धोका नेमका किती, माहीत नाही, खेळा, पण डोकं सांभाळा. छापील मथळ्यावर मी काट मारली, वाचता येईल अशी. चूक माझी होती, लपवायची कशाला?

म्हसा गावाकडच्या स्पर्धेत, अंतिम सामन्यात, आमच्या सर्वांत चपळ मुलीचं डोकं पकडीत दुसरीच्या गुडघ्यावर आदळलं. मला काय झालं नाय, म्हणत ती उठली. ताईनं तिला बाहेर बसवलं.

“आता काय पत्रक चढाई करणार का, बाई?” मागून एकानं विचारलं.

आम्ही दोन गुणांनी हरलो. मुलीला डॉक्टरांकडे नेताना मी ताईच्या मागून चालले होते, आणि माझ्या बहिणीइतकं ताठ त्या मैदानात कोणी नव्हतं.

तुमच्या गावच्या पुढच्या सामन्यात कोणाचं डोकं आपटलं, तर तांब्या खाली ठेवा. त्या दिवशी त्या खेळाडूला पुन्हा उतरू देऊ नका, आणि डॉक्टरांकडे न्या.