घडवंचीखालचा चेहरा

त्या वर्षाची आठवण आली की आधी ओल्या फडक्याचा वास येतो. नदीची माती, पिंजलेला कापूस आणि दोन-तीन दिवस न वाळलेलं सुती कापड, यांचा मिळून एक आंबूस गार वास असतो. अजूनही कुठे तो आला की मी जागच्या जागी थांबतो.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. मी शहाद्याच्या शाळेत इंग्रजी दुसरीत शिकत होतो. आमच्या घरातून शाळेत एवढ्या वरपर्यंत गेलेला मी पहिलाच. त्या साली शाळेला नवे ड्रॉईंग मास्तर आले. ते मुंबईला चित्रकला शिकलेले होते आणि आमची अहिराणी त्यांना समजत नसे. आधीचे मास्तर फळ्यावर कमळ काढून देत आणि आम्ही ते पाटीवर उतरवत असू. नव्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला घमेली घेऊन गोमाईच्या काठावर नेलं.

पाऊस उघडला होता. नदीनं काठावर काळी, लोण्यासारखी माती आणून टाकली होती. ती आम्ही चाळली, भिजवली आणि सुकताना तडे जाऊ नयेत म्हणून तिच्यात कापूस कुटून मिसळला. कापसाला आमच्याकडे तोटा नव्हता. मग प्रत्येकाला एक फळी आणि तिच्यावर ठोकलेली एक खुंटी मिळाली. मास्तर म्हणाले की या खुंटीवर आपल्या घरातल्या एका माणसाचं डोकं घडवायचं. त्याला समोर बसवायचं नाही, आठवून करायचं. मकरसंक्रांतीच्या सुमारास शाळेत प्रदर्शन भरेल, तेव्हा ही डोकी मांडायची.

वर्गात मोठी धमाल उडाली. माझ्या शेजारच्याला कान जमत नव्हते, म्हणून त्यानं आपल्या काकांच्या डोक्यावरचा फेटा खाली ओढून कान झाकून टाकले. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "तुन्हा काकाले ऐकू येत नई का रे?" मास्तरांना शब्द कळले नाहीत, पण तेही हसले. काम थांबवताना प्रत्येकानं आपल्या डोक्यावर ओलं फडकं टाकायचं असा त्यांचा नियम होता. ते सांगत, "माती ओली आहे तोवर काम संपलेलं नाही. सुकली की संपलं." हे वाक्य मी घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ बहुतेक तिथेच आहे.

शाळा सुटली की खिडकीशी मांडलेल्या त्या फळ्यांकडे बघवत नसे. ओल्या कापडाखाली नाकं आणि हनुवट्या तेवढ्या दिसत. ज्याच्या घरातून त्या वर्षी कोणी गेलं नव्हतं, त्याला त्यात काही वाटलं नसेल. आमच्या घरातून अक्का गेली होती.

अक्का माझी मोठी बहीण. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन जेमतेम महिना झाला होता, जेठाच्या उन्हात तिला ताप आला आणि तो उतरलाच नाही. तिचं लग्न ठरत आलं होतं. तिचा एकही फोटो नव्हता. सारंगखेड्याच्या जत्रेत फोटोवाल्याचा तंबू लागे, पण फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं आमच्याकडे मानत, म्हणून माय आम्हाला त्या बाजूला फिरकू देत नसे.

मी खरं तर आबांचं, म्हणजे वडिलांचं डोकं करायला घेतलं होतं. आबांचा चेहरा सोपा, गालफडं वर आलेली, कपाळ रुंद. पण माझे अंगठे हनुवटीपाशी गेले की ती निमुळती होई. मी तिथे माती वाढवायचो आणि दुसऱ्या दिवशी फडकं काढलं की ती हनुवटी मला पुन्हा निमुळती दिसायची. एके दिवशी मी आबांचा नाद सोडला आणि हातांना करायचं ते करू दिलं. भुवईवरचा तो छोटा खड्डा, अक्का लहानपणी उंबऱ्यावर पडली होती तेव्हाचा, तो मला आठवतच नव्हता. तो बोटांना आठवला. मास्तर मागे येऊन उभे राहिले आणि ही कोण म्हणून विचारलं. मी घरातली म्हणालो. डोळे शेवटी करायचे, एवढंच सांगून ते गेले.

तेच दिवस गुलाबाईचे होते. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी मातीच्या गुलाबाईपुढे फेर धरून गाणी म्हणत. आदल्या वर्षीपर्यंत त्यांत अक्काचा आवाज सगळ्यांत वर असे. गुलाबाई गल्लीतल्या पोरी स्वतःच घडवत आणि तिचे डोळे एक म्हातारी काजळाच्या काडीनं सगळ्यांत शेवटी उघडी. आमच्या गल्लीत असं मानत की डोळे उघडले म्हणजे मूर्तीत जीव आला, आणि जीव आला म्हणजे तिला कोजागिरीला पाण्यात पोचवावंच लागतं. डोळे न उघडलेली ती नुसती माती. अक्का सात-आठ वर्षांची असताना तिनं यावर एक युक्ती काढली होती. तिनं आपली वेगळी छोटी गुलाबाई केली आणि म्हातारीला तिच्या डोळ्यांना हात लावू दिला नाही. बाकीच्या गुलाबाई नदीत गेल्या, अक्काची कोनाड्यात राहिली. माय ही गोष्ट पाहुण्यांना हसून सांगायची.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मास्तरांनी ज्याचं त्याचं काम घरी न्यायला सांगितलं. फडकं रोज भिजवायचं आणि परत येताना डोळे पुरे करून आणायचे. मी टोपलीत डोकं ठेवून घरी आणलं आणि ओसरीवर ठेवलं. माय दाणे निवडत होती. शाळेतून काय आणलं म्हणून तिनं सहज फडकं उचललं.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं हात पदराला पुसले आणि त्या भुवईवरच्या खड्ड्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग मला विचारलं की डोळे का नाहीत. मी म्हणालो, ते आता करायचे आहेत.

"नको," माय म्हणाली. "तिना डोया उघाडू नको, भाऊ. डोया उघाडात म्हंजे ती निंघी जाई."

त्याच दुपारी तिनं डोकं उचलून घडवंचीखाली ठेवलं. घडवंची म्हणजे पाण्याचे माठ ठेवायची लाकडी चौकट. तिच्याखाली माठातलं पाणी झिरपून थेंब थेंब पडे आणि तिथली जमीन भर उन्हाळ्यातही गार असे. आता तो थेंब जमिनीवर न पडता फडक्यावर पडू लागला. त्याचा आवाज निराळा होता. घरात सगळे गप्प असले की तो ऐकू येई, आणि आमच्या घरात तेव्हा सगळे बहुतेक गप्पच असत.

माय सकाळी पाणी भरून आली की आधी फडकं भिजवी. मग ते वर करून ओल्या हातानं गाल पुशी, कपाळ पुशी, जसं न्हाऊ घातलेल्या पोरीला पुसतात तसं. तिच्याशी ती बोलत असे. आज कोण आलं होतं, म्हैस कशी आटली, असलंच काहीतरी. मी एकदा तिला म्हणालो की एवढं पाणी नको. ती म्हणाली, तूच सांगितलंस ना, ओलं आहे तोवर संपत नाही. आबा आता घडवंचीकडे जात नसत. तहान लागली की ओसरीवरूनच पाणी मागायचे.

सुट्टी संपली आणि मी रिकाम्या हातानं शाळेत गेलो. मास्तर रागावले नाहीत, पण संध्याकाळी घरी आले. आबांनी त्यांच्यासाठी घोंगडी पसरली. मी मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं सांगत होतो. मास्तरांनी घडवंचीखाली वाकून फडकं उचललं आणि खूप वेळ पाहिलं. ते मला म्हणाले की ते माझ्या वयाचे असताना असं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. मग त्यांनी समजावून सांगितलं की रोज असं पाणी लागलं तर हा चेहरा उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाही. हे डोकं सावकाश सुकवलं, आतून कोरून घेतलं आणि कुंभाराच्या आव्यात नीट भाजलं, तर शंभर वर्षं राहील. प्रदर्शन झालं की ते घरी परत येईल, हवं तर डोळ्यांशिवाय राहू द्या.

शंभर वर्षं हे ऐकल्यावर मायच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. तिनं आबांकडे पाहिलं.

आबा भिंतीला टेकून बसले होते. अक्का गेली त्या दिवसापासून त्यांनी घरात तिचं नाव काढलं नव्हतं.

"मन्हा हातघाई तिले एकदाव आग दिधी," ते म्हणाले. "आते परत नई."

एकदा स्वतःच्या हातानं अग्नी दिला, आता पुन्हा नाही, हे आबांचं म्हणणं मी मास्तरांना सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. ते उठले, फडकं पुन्हा भिजवून डोक्यावर नीट घातलं आणि आबांना नमस्कार करून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवी माती दिली. सारंगखेड्याच्या बाजारातला एक घोडा करून मी प्रदर्शनात ठेवला. घोडा बरा झाला होता. पुढे बोर्डिंगात माझी सोय लावली ती याच मास्तरांनी, आणि मी बी. ए. झालो तेव्हा पहिलं पत्र त्यांनाच लिहिलं. पण त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही.

माघ-फाल्गुनात चेहरा जाऊ लागला. आधी नाकाचा शेंडा गुळगुळीत झाला. मग ओठांची रेघ पुसली. भुवईवरचा खड्डा मायच्या बोटानं रोज थोडा थोडा भरत गेला. मी बघत होतो. आबा बघत नव्हते, पण त्यांना माहीत असावं. माय तशीच रोज पुशी, तशीच बोले. मला वाटे, तिला दिसत कसं नाही. आज वाटतं, तिला आमच्या सगळ्यांच्या आधी दिसलं असणार.

आखाजी जवळ आली. आखाजीला आम्ही घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतो. नवी मातीची घागर पाण्यानं भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवायचा. त्या साली अक्काची पहिली घागर होती. कुंभारवाड्यातून घागर आणायची का, असं आबांनी दोनदा विचारलं आणि माय दोन्ही वेळा उठून फडकं भिजवायला गेली. घागर मेलेल्याची असते. अक्का तर घरात होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मायनं डोकं अंगणात, उन्हात आणून ठेवलं आणि मला हाक मारली. उजेडात ते मी महिन्या-दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. नदीतून काढलेल्या गोट्यासारखं ते झालं होतं. त्याला पुढची बाजू कुठली तेही सांगता आलं नसतं.

"भाऊ," ती म्हणाली, "हाई कोन शे?"

मी ते फिरवून नाकाची जागा शोधू लागलो. तिनं वाट पाहिली. मग चुलीशी जाऊन काजळाची वाटी आणि एक काडी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

"उघाड."

चेहराच नव्हता, मग डोळे कुठे काढायचे? मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझा अंगठा धरून मातीवर एका ठिकाणी ठेवला, मग दुसऱ्या ठिकाणी. तिला जागा पाठ होत्या. तिथे मी काजळाच्या दोन रेघा ओढल्या. क्षणभर त्या गोट्यातून कोणीतरी पाहिलं. मायही दचकली, एवढं मला आठवतं.

आबांनी गाडी जुंपली, कोणी सांगितलं नव्हतं. गोमाई तोवर आटली होती, म्हणून आम्ही प्रकाशा या गावी, तापीवर गेलो. घाटावर माय गुडघाभर पाण्यात उतरली, डोकं दोन्ही हातांत धरून तिनं पाण्यात नेलं आणि हात मोकळे केले. काजळ आधी सुटलं. येताना आबांनी प्रकाशाच्या कुंभाराकडून घागर घेतली आणि ती मांडीवर धरून माय घरापर्यंत आली.

आता मी स्वतः शाळेत शिकवतो. मातीचं काम आलं की मुलांना घरातलं माणूस आठवून करा असं सांगतो, आणि लगेच म्हणतो, जिवंत असलेलं. अक्काचा चेहरा मला आठवत नाही. आठवू लागलो की ती मातीची हनुवटी पुढे येते, मग नाक गुळगुळीत होतं, मग ओठ जातात. मी तिथेच थांबतो. पुढे गेलो तर डोळे उघडतील.