टीचर म्हणाल्या, जाड घ्या

"हात ठेव."

लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस सल्ला विचारायला आला, की टीचर एवढंच म्हणायच्या. किती पैसे आणलेस, कुठली कंपनी हवी, काही नाही. त्यांच्या टेबलावर तार तुटलेला एक जुना कीबोर्ड पडलेला असे. तो पुढे सरकवायचा, चष्मा नाकावर ओढायचा आणि "हात ठेव." माणूस बावचळायचा आणि जोतिषाकडे आल्यासारखे तळवे वर करायचा.

"उलटे कर रे. तुझं नशीब बघून मला काय करायचंय?"

तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, माडीवर, त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मी तिथला मेकॅनिक. तीस मशिनं होती, वीस इंग्रजी आणि दहा तमिळ. त्यांचं तेलपाणी, रिबिनी, वाकलेल्या दांड्या सरळ करणं, हे सगळं पस्तीस वर्षं मी केलं. माझं शिक्षण पाचवी, तेही तमिळ शाळेत. ही मराठी अक्षरं लग्नानंतर घरचीनं शिकवली. कुठं चुकलं असेल तर मला सांगू नका. तपासणारी गेली.

टीचर आमच्यातल्याच, मराठीच. पण सगळं गाव त्यांना टीचर म्हणे, म्हणून मीही. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, आणि विचारणाऱ्यांना काय उत्तर मिळालं ते मी ऐकलंय. तुम्ही विचारलं असतं तर तुम्हीही जिना दोन दोन पायऱ्या उतरला असता.

मग बाहेरच्या कंपन्या आल्या, मोबाइल आले, लॅपटॉप आले. आमच्या तीस मशिनांवर सहा मुली उरल्या. गंमत अशी, की लॅपटॉप कुठला घ्यावा हे विचारायला लोक टीचरकडेच येत. गावात बटणांची माहिती असलेलं दुसरं कोण होतं? मी म्हणायचो, "टीचर, ज्या खड्ड्यात आपण पडणार तो तुम्हीच खणताय."

"मग नीट खणू द्या की, राव. वाकडा झाला तर आपल्यालाच टोचेल."

लॅपटॉपच्या पोटात काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याची लाजही नव्हती. "माझी विद्या बोटापासून कोपरापर्यंत," म्हणायच्या. पोटातलं कळून घ्यायची त्यांची एक रीत होती. दुकानात जायचं, खुर्ची ओढून बसायचं आणि विकणाऱ्या माणसाला सांगायचं, "आता हे एकही इंग्रजी शब्द न वापरता सांग." तो बिचारा टाय लावलेला माणूस घामाघूम व्हायचा. अर्ध्या तासानं त्याच्या तोंडून खरं निघायचं. पातळ मशीन हलकं, बॅटरी जास्त टिकते, करंट गेला तरी पत्र पुरं होतं, पण खेळ लावला की धापा टाकतं. जाड मशिनात चित्रासाठी वेगळा भाग असतो, मोठा पंखा असतो, खेळ पळतो, पण तापतं, आणि बॅटरी तासाभरात संपते.

"एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंस?" टीचर उठायच्या. "आता मला कळलं, आणि तुलाही कळलं."

वजनाचीही परीक्षा होती. कुणाला जाड मशीन मांडीवर घेऊन वापरायचं असलं, की त्या त्याच्या बायकोला सांगायच्या, "दोशाच्या पिठाचं भरलेलं पातेलं याच्या मांडीवर अर्धा तास ठेव. हलला नाही तर घेऊ दे." एका पोस्टमास्तरानं खरंच ठेवलं. त्यानं पातळ घेतला.

आता हात ठेवण्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टायपिंग शिकलेल्या माणसाची डाव्या हाताची चार बोटं आपोआप एका ओळीत बसतात, a, s, d, f वर. ती सवय मरेपर्यंत जात नाही. खेळ खेळणाऱ्याचं मधलं बोट मात्र वर चढतं, w वर, कारण त्यांच्यात पुढे पळायचं बटण ते. हे मला टीचरनी नंतर सांगितलं.

सहकारी सोसायटीतला एक कारकून आला. पंचेचाळिशीचा, मिशावाला, सोबत बायको. टीचरचाच जुना विद्यार्थी.

"कशाला हवाय?"

"ऑफिसचं काम, टीचर. हिशोब, पत्रव्यवहार." तोंड अगदी देवळात उभं राहिल्यासारखं.

"हात ठेव."

त्यानं ठेवले. डावं मधलं बोट वर. टीचरनी त्या बोटाकडे पाहिलं, मग मिशांकडे, मग बायकोकडे. "जाड घेऊन दे याला," त्या बायकोला म्हणाल्या. "काम फार आहे बिचाऱ्याला."

तो कारकून त्यानंतर दर दिवाळीला टीचरकडे मिठाई पाठवायचा. बायकोला वाटायचं गुरुभक्ती.

हे सगळं डोळ्यासमोर घडत होतं, मी हसत होतो, आणि माझ्या घरात काय चाललंय ते मला दिसलं नाही.

माझी घरची न्हाणीत पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय सुधारला नाही. दोन वर्षं ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. खाट, खिडकी, खिडकीतून समोरची भिंत. आधी ती घरात थांबणारी बाई नव्हती. बाजार, देऊळ, ओरत्तनाडूला बहीण, कुठलीही टाउन बस आली की चढणारी. आता भिंतीवरचं पोस्टर कुणी बदललं तर ते मला दिवसभराची बातमी म्हणून सांगायची. तिच्या बहिणीची मुलगी आठवडाभर राहायला आली, ऑफिसचा लॅपटॉप घेऊन. ती गेल्यावर घरची म्हणाली, "अहो, मलाही तसला एक हवा."

"कशाला?"

"पोरीला पत्रं लिहीन की."

आमची मुलगी मस्कतला असते. मला पटलं. मी टीचरना घरी आणलं. आपल्या माणसासाठी त्या खास येतात याचा मला गर्व.

टीचरनी तो तुटका कीबोर्ड खाटेवर ठेवला. "वैनी, हात ठेवा."

घरचीनं उजवा हात ठेवला. अक्षरांवर नाही. थेट उजव्या कोपऱ्यात, चार बाणांच्या बटणांवर. मी ते पाहिलं. वाटलं, अशिक्षित नवऱ्याची बायको, जागा चुकली.

टीचरनी त्या बाणांवरच्या बोटांकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "राव, कापी नाही का घरात?"

मी कापी, म्हणजे तुमची कॉफी, करून आणली तेव्हा घरचीचे कान लाल झाले होते.

दुकानात मी पातळ, चांदीच्या रंगाचा लॅपटॉप हातात घेतला. हलका, सुबक. "हाच. पत्रं तर लिहायचीत."

"जाड घ्या," टीचर म्हणाल्या.

"पत्रांना जाड?"

"वैनींचे डोळे साठीचे. मोठा पडदा हवा. मोठ्या पडद्याला मोठं पोट लागतं." विकणारा काही बोलायला गेला. टीचरनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं टाय सारखा केला.

आणला. खाटेवर बसवायला मी सुताराकडून बुटकं टेबल करून घेतलं, खाली हवा जाईल असं. टीचरची सक्त ताकीद होती. आणि घर बदललं. मी दुपारी जेवायला यायचो तर पंखा घरघरतोय, मशीन तव्यासारखं तापलंय, आणि घरची घाईघाईनं झाकण लावतेय.

"काय लिहितेस एवढं?"

"मनातलं."

"एवढं गरम होतं?"

"मनातलं आहे ना."

मुलीला फोनवर विचारलं, "आईची पत्रं येतात का गं?" ती म्हणाली, "येतात की अप्पा, लांबलचक येतात." तीही सामील. माझ्या घरात तीन बायका आणि एक येडा अशी परिस्थिती होती.

एक दिवस घरची म्हणाली, एक बटण अडकतंय. बघा, हे माझं काम. बटणं बघून मी माणूस सांगू शकतो. कुठली मुलगी रडत टाइप करते, कुणाची करंगळी आळशी, मशीनच सांगतं. मी लॅपटॉप उजेडात धरला. अक्षरं सगळी लग्नातल्या भांड्यासारखी नवी. एकाही अक्षराला बोट लागलं नव्हतं. आणि उजव्या कोपऱ्यातल्या बाणांचा रंग पार उडालेला.

मी विचारात पडलो. विचारात पडलो की माझे हात आपलं आपलं काम करतात. खिशातून चोच असलेली तेलाची बाटली निघाली, आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं मी अडकलेल्या बटणाखाली तेल सोडलं. शेजारच्या तिन्हींनाही सोडलं. कंजूषपणा कशाला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत होतो तर आतून ओरडणं. "अहो! अहो, या की! गाडी नुसती उजवीकडेच पळतेय!"

मी पंचा सावरत आलो. "कुठली गाडी?"

पडद्यावर एक लाल मोटार डोंगराच्या कडेला धडका देत होती. एकीकडे समुद्र, एकीकडे डोंगर, मध्ये काळा रस्ता. घरचीनं झाकण लावायला हात उचलला, आणि मग राहू दिला.

मी कपडे करून तडक इन्स्टिट्यूटला गेलो. सहा मुली टायपिंग करत होत्या.

"टीचर, तुम्ही मला फसवलं."

"फसवलं." मान वर न करता. "आज कळलं? मला वाटलं आठवड्यात कळेल."

"तिला मोटार चालवायला मशीन हवं होतं?"

"हो."

"मग मला सांगायचं!"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

मी म्हणालो, "या वयात? लोक काय म्हणतील?"

सहाही मुली थांबल्या. टीचर उठून माझ्यापाशी आल्या आणि हळू बोलल्या. त्या हळू बोलल्या की वाईट असतं. "हेच म्हणाला असता. म्हणून ती पत्रं म्हणाली. राव, दोन वर्षं ती बाई एका भिंतीकडे बघतेय. तिला लिहायचं नाहीये. तिला कुठंतरी जायचंय. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, बहिणीच्या मुलीनं आठवडाभर तिला हाच खेळ खेळू दिला म्हणून. तुम्ही विचारलंत?"

"विचारलं की. कशाला, म्हणून विचारलं."

"तसं तर पोलीसही विचारतो."

अडतीस वर्षांचा संसार. मी म्हणालो, "आता काही उपयोग नाही. ती गाडी उजवीकडेच जाते."

"का?"

"मी तेल घातलं."

टीचरनी माझ्याकडे बघितलं, मग मुलींकडे, मग छताकडे. "तेल," त्या म्हणाल्या. "मोहरी नाही टाकली?" आणि ज्या बाईला पस्तीस वर्षांत मी दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं, ती भिंतीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसली.

त्याच दुपारी त्या दुकानातल्या माणसाला पकडून घरी आल्या. त्यानं तेलकट कीबोर्ड आतून सोडवला आणि बाहेरून दुसरा जोडला. तो लांबरुंद होता. टीचरनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "वैनी, यावर दोघी बसतील. तुम्ही बाणांवर, मी अक्षरांवर."

तेव्हापासून रोज दुपारी, दोन ते चार. पडदा मधून दुभंगायचा, वर घरचीची लाल मोटार, खाली टीचरची निळी. मधलं बोट वर गेलं म्हणून ज्यांनी गावातल्या निम्म्या कारकुनांच्या बोटांवर पट्टी हाणली, त्यांचंच मधलं बोट w वर. मी जेवून तिथंच भिंतीला टेकून ऐकत असायचो.

"टीचर, बाजूला व्हा, मागून येतेय मी!"

"या की. रस्ता काय माझ्या वडलांचा आहे?"

"अय्यय्यो, समुद्रात गेलात!"

"मासे बघायला गेले होते."

आणि चार वाजता घरची मला सांगायची, "आज पण हरवलं टीचरना." रोज. चेहरा असा, की बाहेरून फिरून आल्यासारखा. केस विस्कटलेले, गाल तापलेले. मग ती मला रस्त्याचं सांगायची, कुठं वळण लागलं, कुठं पूल होता, कुठं खाली दिवे दिसले. मी विचारायचो. विचारायला शिकलो, उशिरा का होईना.

एकदा मी टीचरना म्हणालो, "तुम्ही रोज हरता?"

"माझी बोटं म्हातारी झाली, राव. आणि तुमची बायको गाडी चालवत नाही, हाणते."

मला खरं वाटलं. त्यांचीही साठी जवळ आली होती.

असं दीड वर्ष चाललं. मग घरचीची छाती भरली, चार दिवस दवाखान्यात काढले, आणि ती गेली. त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता टीचर आल्या. इन्स्टिट्यूट बंद करून कोइमतूरला भाचीकडे जायचं ठरलं होतं, मशिनं भंगारवाला नेणार होता. ते सांगायला आल्यात, असं मला वाटलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या, झाकण उघडलं आणि कीबोर्डची बाणांची बाजू माझ्याकडे केली.

"बसा."

"मला येत नाही, टीचर."

"म्हणूनच म्हणते, बसा."

मी जन्मात सायकलीपलीकडे काही चालवलं नाही. पहिल्याच वळणाला भिंतीत घुसलो. बाहेर निघालो, परत घुसलो. खाली टीचरची निळी मोटार गेली. कशी गेली ते काय सांगू. पूल, बोगदा, समुद्राकडची उतरण, कुठं म्हणून घासली नाही. बोटं दिसतही नव्हती. मी पहिलं वळण पुरं करेपर्यंत ती तीन फेऱ्या मारून रेघेपलीकडे जाऊन थांबली होती.

मी पडद्याकडे पाहिलं. मग टीचरकडे पाहिलं. त्या समोरच बघत होत्या.

"टीचर."

"हं?"

दीड वर्ष. रोज.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग चालवा की," टीचर म्हणाल्या. "मी थांबलेय."